टॅबला कीबोर्ड जोडून लॅपटॉपसारखं काम करायचं आहे, मराठी टायपिंगसाठी कोणता घ्यावा?

दीर्घवेलांटी

नमस्कार मंडळी,

मी अनुवादाचं काम करते. इंग्रजीतून मराठीत, आणि बहुतेक वेळा लांबलचक मजकूर: अहवाल, माहितीपुस्तिका, मधूनच एखादं अख्खं पुस्तक. टायपिंग इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीत, कळांकडे न बघता. माझ्याकडे ११ इंची अँड्रॉइड टॅब आहे आणि तो मला मनापासून आवडतो. मूळ मजकुराची पीडीएफ त्यावर वाचायची, पेनने समासात खुणा करायच्या, अडलेल्या शब्दाला गोल करून ठेवायचा, हे सुख लॅपटॉपवर मिळत नाही. आतापर्यंत वाचन टॅबवर आणि टायपिंग लॅपटॉपवर अशी वाटणी होती. लॅपटॉप आता थकलाय. नवा घेण्यापेक्षा टॅबलाच चांगला कीबोर्ड जोडावा आणि दोन्ही कामं एका जागी आणावीत, असं मनात आहे.

दिवसाचा मोठा भाग मी टेबलाशी असते. संध्याकाळी मांडीवर घेऊन दुरुस्त्या करते. प्रवासात थोडंफार टायपिंग होतं, पण फार नाही.

शोधाशोध केल्यावर तीन प्रकार दिसले. एक, टॅबच्या कव्हरलाच जोडलेला कीबोर्ड, मागे टेकू असलेला. दोन, बिजागरीवाला, ज्यात टॅब खोचला की दिसायला थेट लॅपटॉप. तीन, वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड आणि टॅबसाठी निराळा स्टँड. परीक्षणं भरपूर वाचली, पण ती सगळी इंग्रजी टाइप करणाऱ्यांनी लिहिलेली. कळा मऊ आहेत, ट्रॅकपॅड मोठा आहे, उजेड पडतो, वगैरे. मराठीत तासन् तास टाइप करणाऱ्या कुणी हे वापरलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. कळांवर देवनागरी अक्षरं छापलेला कीबोर्ड शोधावा लागेल का, हाही प्रश्न आहे.

---

मोरपंखी

देवनागरी छापलेला शोधू नका. कीबोर्ड फक्त "अमुक जागेवरची कळ दाबली" एवढंच टॅबला कळवतो, त्या जागेवर कुठलं अक्षर उमटवायचं हे टॅबचं सॉफ्टवेअर ठरवतं. त्यामुळे कुठल्याही साध्या कीबोर्डवर मराठी येतं. तुम्ही तर कळांकडे बघतही नाही.

आधी जोडणी बघा. तुमच्या टॅबच्या पाठीला किंवा कडेला बारीक धातूचे ठिपके असतील तर त्याचा स्वतःचा असा कीबोर्ड मिळत असणार. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेला बुक कव्हर कीबोर्ड असाच बसतो, आयपॅडला स्मार्ट कनेक्टरवर बसतो. याला वेगळं चार्जिंग नाही, पेअरिंग नाही, टॅबच्याच बॅटरीवर चालतो. मात्र तो त्या मॉडेलपुरताच. २०२४ च्या आयपॅड प्रोला आधीच्या आयपॅड प्रोचा मॅजिक कीबोर्ड चालत नाही, नाव तेच असूनही. टॅब बदलला की कीबोर्डही बदलणार, हे धरून चला.

---

शाईपेन

दीर्घवेलांटी ताई, मी शब्दांकन करतो. लोकांच्या मुलाखती ऐकून मराठीत उतरवायच्या, दिवसभर, इनस्क्रिप्टमध्येच. गेली काही वर्षं हे काम टॅबवरच चाललं आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे. जरा लांब लिहितो.

ट्रॅकपॅड, उजेड, कळांचा आवाज हे सगळं नंतर. इनस्क्रिप्टवाल्याने कीबोर्डची उजवी कड आधी बघावी.

कारण असं. चांगल्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. आपली बोटं या अंतराला सरावलेली असतात. मुख्य भागाची एक ओळ म्हणजे अशा १५ कळांची रुंदी, म्हणजे सुमारे २८.५ सेंटिमीटर. ११ इंची टॅब आडवा धरला तर त्याची रुंदी साधारण २५ सेंटिमीटर भरते. कव्हरचा कीबोर्ड टॅबपेक्षा रुंद करता येत नाही, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर कुठून तरी कापावे लागतात. बनवणारे काय करतात? मधल्या इंग्रजी अक्षरांची रुंदी होता होईल तेवढी राखतात आणि कडेच्या कळा चेपतात. डावीकडे टॅब आणि कॅप्स लॉक बारीक होतात, त्याने आपलं काही बिघडत नाही. उजवीकडे चौकोनी कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह, तिरकी रेघ या कळा अर्ध्या होतात. फार लहान कीबोर्डवर तर त्यातल्या काही कळा गायबच असतात आणि एफएन (फंक्शन) कळ धरून दुसऱ्याच कळीतून काढाव्या लागतात.

इंग्रजी टाइप करणाऱ्याला चौकोनी कंस महिन्यातून कधीतरी लागतो. म्हणून परीक्षणात लिहिलेलं असतं की कडेच्या कळा थोड्या लहान आहेत, पण सवय होते. आपल्याकडे त्याच कळांवर काय आहे ते बघा. डावा चौकोनी कंस म्हणजे ड आणि ढ. अवतरणचिन्ह म्हणजे ट आणि ठ. अर्धविराम म्हणजे च आणि छ. उजवा कंस म्हणजे नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) आणि ञ. उलटी तिरकी रेघ म्हणजे ॉ आणि ऑ. साधी तिरकी रेघ म्हणजे य. स्वल्पविरामावर शिफ्टने ष. वरच्या आकड्यांच्या ओळीत बरोबरच्या चिन्हावर ृ आणि ऋ. आता "मला वाटतं एवढं थोडं वाढवायला हवं" हे वाक्य अर्ध्या रुंदीच्या ट, ड आणि ढ वर टाइप करून बघा. दर दोन शब्दांनी करंगळी एंटरवर पडते आणि ओळ तुटते.

इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला अशी मांडणी आहे. त्यामुळे आपल्या उजव्या करंगळीला इंग्रजीवाल्याच्या करंगळीपेक्षा कितीतरी जास्त काम असतं, आणि नेमकी तिचीच जागा कापली जाते. ही गोष्ट मला एकाही परीक्षणात सापडलेली नाही, म्हणून इतकं तपशिलात लिहितोय.

तपासायची सोपी रीत सांगतो, विक्रीच्या पानावरच्या फोटोवरूनही जमते. इंग्रजी अक्षरांवरून मोजा. शून्याच्या उजवीकडे बॅकस्पेसच्या आधी दोन कळा हव्यात. पीच्या उजवीकडे तीन. एलच्या उजवीकडे एंटरच्या आधी दोन. एमच्या उजवीकडे शिफ्टच्या आधी तीन. थोडक्यात २-३-२-३. एंटर उभा, दोन ओळींत पसरलेला असेल तर पीपुढची एक कळ एलच्या ओळीत खाली उतरते, म्हणजे २-२-३-३ होतं, तेही ठीक आहे. संख्या जमली की त्यांची रुंदी बघा. ट आणि ड च्या कळा क आणि त एवढ्याच रुंद दिसल्या पाहिजेत.

आता तीन प्रकारांबद्दल.

टेबलासाठी मी डोळे झाकून वेगळा कीबोर्ड सुचवेन. पहिलं कारण वर आलंच, त्याला टॅबच्या रुंदीचं बंधन नाही. दुसरं कारण मानेचं. कव्हरचा असो वा बिजागरीचा, टॅबचा पडदा कीबोर्डलाच चिकटलेला, म्हणजे टेबलाच्या पातळीवर. ११ इंची पडद्याची वरची कड तुमच्या हनुवटीच्याही बरीच खाली राहते. दिवसभर खाली मान घालून पीडीएफ वाचायची आणि टाइप करायचं, हे अनुवादकाने स्वतःच्या मानेला करू नये. वेगळा कीबोर्ड असला की टॅब स्टँडवर किंवा जाड पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांसमोर येतो आणि हात खाली कोपराच्या उंचीला राहतात. लॅपटॉपवरही हे सुख नाही.

माझ्याकडे लॉजिटेकचा के३८० आहे. रुंदी जवळपास २८ सेंटिमीटर, उजवीकडच्या कळा पूर्ण संख्येने, तीन उपकरणं लक्षात ठेवतो आणि एका कळीने एकावरून दुसऱ्यावर जातो. दोन ट्रिपल ए सेलवर चालतो, ते क्वचित बदलावे लागतात. कळा गोल आहेत, ते काहींना रुचत नाही. हाच घ्या असा आग्रह नाही, २-३-२-३ मध्ये बसणारा दुसरा कुठलाही चालेल.

ब्लूटूथची एक अडचण मात्र अनुवादकाने आधीच जाणून घ्यावी. बॅटरी वाचवायला हे कीबोर्ड काही मिनिटं स्पर्श झाला नाही की झोपतात. जागं होऊन पुन्हा जोडलं जायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात टाइप केलेली पहिली एकदोन अक्षरं हरवतात. तुम्ही एका वाक्यावर बराच वेळ विचार करणार, मग नेमकं सुचलेलं टाइप करायला जाणार, आणि पहिलं अक्षर गायब. मी आता सुरुवात करण्याआधी शिफ्ट एकदा दाबतो. काही उमटत नाही, पण कीबोर्ड जागा होतो. ठिपक्यांवर बसणाऱ्या कीबोर्डला हा त्रास नाही, मोरपंखी यांचा मुद्दा याबाबतीत अगदी खरा आहे.

---

डोंगरवाट

शाईपेन यांचं टेबलापुरतं पटलं. मांडीचं वेगळं आहे, तिथे मी बिजागरीच्या बाजूने बोलेन.

लॅपटॉपचं वजन खालच्या भागात असतं, पडदा हलका. टॅबचं उलट, सगळं वजन पडद्यात. म्हणून टेकूवालं कव्हर मांडीवर ठेवलं की टेकूला मागे टेकायला जागा लागते, आणि ती गुडघ्यापर्यंत पुरत नाही. जरा हललं की टेकू निसटतो. माझी उंची कमी असल्याने मला हे जास्तच जाणवतं. बिजागरीवाल्यात टेकूच नाही, त्यामुळे मांडीवर लॅपटॉपसारखा बसतो. पण टॅबने मागे कलंडू नये म्हणून खालचा भाग मुद्दाम जड केलेला असतो, हा त्याचा मोबदला. १२.९ इंची आयपॅड प्रो आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड मिळून १.३ किलोच्या वर जातात, आणि १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोची आहे. हलकं म्हणून टॅब घेतला असेल तर हा आकडा मनात ठेवावा.

आणि ट्रॅकपॅड हवाच. मांडीवर काम करताना दर वेळी हात उचलून पडद्याला बोट लावायचं, पुन्हा कळांवर आणायचं, यात खांदा भरून येतो. आयपॅडला नीट ट्रॅकपॅड मिळाला तो मार्च २०२० मध्ये, आयपॅडओएस १३.४ सोबत, आणि तेव्हापासून मी त्यावर खऱ्या अर्थाने लिहू लागले. अँड्रॉइडला माउस त्याच्या आधीपासून चालतो, पण स्वस्तातल्या कीबोर्डचा ट्रॅकपॅड नुसता बाण हलवतो, दोन बोटांनी सरकवणं धड होत नाही. घेण्याआधी एखादं लांब पान सरकवून बघा.

---

दीर्घवेलांटी

शाईपेन, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर पसंतीच्या यादीतले फोटो काढून मोजत बसले. कव्हरवाल्या ज्या कीबोर्डवर माझं मन बसलं होतं, त्याची ट ची कळ खरोखर चिंचोळी आहे, आणि बरोबरचं चिन्ह एफएनखाली गेलंय. "कृती", "गृहीत", "दृष्टी" हे शब्द माझ्या कामात पानोपानी येतात. तो बाद.

डोंगरवाट, मांडीबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी तंतोतंत. संध्याकाळच्या दुरुस्त्यांमध्ये मात्र टायपिंग कमी आणि शब्द निवडणं, खोडणं, हलवणं जास्त असतं. त्या दृष्टीने कीबोर्डवर अजून काय बघू? आणि अँड्रॉइडवर बाहेरच्या कीबोर्डवरून इनस्क्रिप्ट नीट चालेल याची खात्री विकत घेण्याआधी कशी करायची?

---

शाईपेन

दुसरा प्रश्न आधी, कारण त्यावर पैसे अवलंबून आहेत. घरात संगणकाचा जुना वायरवाला यूएसबी कीबोर्ड असेलच, नसेल तर कुणाचा तरी मागून आणा. यूएसबी-सीला बसणाऱ्या छोट्या ओटीजी जोडणीने तो टॅबला लावा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये फिजिकल कीबोर्ड नावाचा भाग कीबोर्ड जोडल्यावरच कामाचा होतो. तिथे मांडणी निवडता येते, आणि पडद्यावरचा कीबोर्ड दिसावा की नाही हेही ठरवता येतं. तो बंदच ठेवा, नाहीतर अर्धा पडदा खाऊन टाकतो. तुम्हाला हवी ती मांडणी यादीत नसेल तर ती पुरवणारी वेगळी ॲप्स असतात, तीही याच जुन्या कीबोर्डवर तपासून घ्या. वायरवाल्यावर जे उमटतं तेच ब्लूटूथवर उमटणार, कारण मोरपंखी म्हणाल्या तसं अक्षर टॅब ठरवतो. तुमच्या कामातलं एक पूर्ण पान टाइप करा. क्ष, ज्ञ, त्र, श्र, रफार, विसर्ग, आणि "सुऱ्या", "वाऱ्यावर" यांतला ऱ्य, सगळं येतंय का बघा. मराठीतून इंग्रजीत आणि परत जायची कळही तेव्हाच शोधून ठेवा, कारण अनुवादात मूळ संज्ञा इंग्रजीत शोधायला दर थोड्या वेळाने भाषा बदलावी लागते. आयपॅडवाल्यांना हे कंट्रोल आणि स्पेसने होतं.

दुरुस्त्यांसाठी बाणांच्या कळा बघा. वर आणि खाली जाणारे बाण अर्ध्या उंचीचे असले तरी चालतात, पण चारही बाण एका ओळीत मांडलेले असतील तर बोट चुकतं. वरचा एक आणि खाली तीन अशी मांडणी हवी. शिफ्ट धरून बाणाने निवडणं, कंट्रोल धरून शब्दाशब्दाने उडी मारणं, हे जमलं की मांडीवरही ट्रॅकपॅडची गरज बरीच कमी होते. देवनागरीत बोटाने मजकूर निवडायला गेलं की वेलांटी आणि जोडाक्षरांपाशी खूण हवी तिथे बसत नाही, बाणाने ती अचूक बसते.

डिलीटची वेगळी कळ आहे का, हेही बघा. बहुतेक ॲपमध्ये बॅकस्पेस मागून एकेक चिन्ह काढतो, आधी मात्रा, मग अक्षर. म्हणजे "की" चं "कि" करायचं तर एकदा बॅकस्पेस आणि एक मात्रा, काम झालं. डिलीट पुढचं अख्खं अक्षर मात्रेसकट उचलतो. ऱ्हस्वदीर्घाच्या दुरुस्त्या करणाऱ्याला दोन्ही लागतात. लहान कीबोर्डवर डिलीट बहुधा एफएनखाली असतो.

माझं म्हणणं असं की एकाच कीबोर्डने टेबल आणि मांडी दोन्ही साधायचा हट्ट सोडा. चांगला वेगळा कीबोर्ड टेबलासाठी घ्या, त्यावर मुख्य खर्च करा. मांडीवरच्या दुरुस्त्यांना आत्ता आहे तो टॅब आणि पेनच वापरून बघा काही दिवस. खुणा पेनने, टायपिंग सकाळी. गरज खरंच वाटली तर कव्हरवाला नंतर घेता येईल, आणि तेव्हा तो थोडा चिंचोळा असला तरी त्यावर तुमचं पोट अवलंबून नसेल.

---

मोरपंखी

एक राहिलं. लॅपटॉपसारखं म्हणताना ॲपचाही विचार करा. मायक्रोसॉफ्टचं वर्ड आणि एक्सेल १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावर फुकटात संपादन करू देतं, त्याहून मोठ्या पडद्याला वर्गणी लागते. तुमचा ११ इंची आहे. गूगल डॉक्सला ही अट नाही. प्रकाशक मॅक्रो (फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेल फाइल पाठवत असेल तर ते मॅक्रो टॅबवरच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत, कीबोर्ड कुठलाही लावला तरी. तेवढ्यासाठी जुना लॅपटॉप टाकून देऊ नका.

---

दीर्घवेलांटी

मॅक्रोवाल्या फाइल वर्षाकाठी एखादीच येते, तिच्यापुरता लॅपटॉप राहू दे. वर्गणीचं माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. शाईपेन, वेगळा कीबोर्ड आणि स्टँड यावर मन पक्कं झालंय. उद्या शेजाऱ्यांकडून वायरवाला कीबोर्ड आणते. नवा प्रत्यक्ष हाताळायला मिळाला तर त्यावर चटकन काय टाइप करून बघू? तिथे मराठी सुरू करून देतीलच असं नाही.

---

शाईपेन

तुमचा टॅब सोबत न्या आणि त्यालाच जोडून बघा, पेअरिंगला मिनिटभर लागतं. मी हे वाक्य वापरतो:

कृपया डॉक्टरांच्या षटकोनी टेबलावरची ढाल उचलू नये, छत्री ठेवा.

अर्थाकडे बघू नका. ृ, य, ड, ढ, ॉ, ट, ठ, च, छ, ष, स्वल्पविराम, पूर्णविराम, उजव्या कडेच्या नुक्ता आणि वजाचं चिन्ह सोडून सगळ्या कळा यात येऊन जातात. नजर पडद्यावर ठेवून तुमच्या नेहमीच्या वेगाने चारपाच वेळा टाइप करा. पहिल्या वेळी चुका होणारच. शेवटच्या वेळीही करंगळी त्याच कळीवर चुकत असेल, तर तो कीबोर्ड परत द्या आणि पुढचा मागा.